सरकार, दुकानदार आणि सेवेकरी : शंभर वर्षांची वारी कोणी चालवली?

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. आम्ही इथं जरा वेगळा हिशोब मांडतो. वारी पांडुरंग चालवतो हे तर खरंच, पण त्यानं ती कोणाकोणाच्या हातून चालवून घेतली? रस्ता कोणी केला, गाडी कोणाची होती, भाकरी कोणी वाढली? आजकाल याला ‘तीर्थक्षेत्र पर्यटन’ म्हणतात आणि त्यात सरकार, खासगी धंदेवाले व सेवाभावी संस्था असे तीन भागीदार धरतात. नाव नवं असलं तरी भागीदार जुनेच आहेत.

शंभर वर्षांपूर्वी आपला हिंगोलीचा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि पंढरपूर इंग्रजांच्या. एका राज्यातून निघायचं आणि दुसऱ्या राज्यातल्या विठ्ठलाला भेटायचं. बहुतेकांची वारी पायीच. पण ज्यांचे पाय थकले त्यांना रेल्वेचा आधार झाला. पूर्णा ते हिंगोली रेल्वे १९१२ मध्ये आली. पंढरपूरला तर कुर्डुवाडीहून बार्शी लाइटची छोटी गाडी १९०६ मध्येच पोचली होती. ही गाडी खासगी कंपनीची. १९५४ मध्ये ती सरकारनं ताब्यात घेतली. अडीच फुटी रुळांवरच्या त्या गाडीनं किती म्हाताऱ्याकोताऱ्यांना विठ्ठल दाखवला याची गणती नाही. पण कंपनी ती कंपनी! यात्रेच्या दिवसांत माणसांना मालडब्यांत बसवून न्यायची रीत त्या काळच्या रेल्वेत सर्रास होती. भाडं माणसाचं घ्यायचं आणि जागा पोत्याची द्यायची.

सरकारचं काम हळूहळू वाढत गेलं. निजामाच्या रेल्वे खात्यानं १९३२ मध्ये २७ बसगाड्यांवर मोटारसेवा सुरू केली. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो, १९६० मध्ये महाराष्ट्रात आलो, आणि मग गावोगाव लाल एसटी दिसू लागली. आता आषाढीला एसटी पाच हजारांवर जादा गाड्या सोडते. दुसरं मोठं काम आरोग्याचं. पूर्वी यात्रा म्हटली की पटकीची धास्ती असायची. पंढरपुरात शिरायच्या आधी सुई टोचून घ्यावी लागे. जुनी माणसं त्या सुईला भ्यायची. पण ती सुई, क्लोरीनचं पाणी आणि झाडलेले रस्ते यांनी वाचवलेले जीव आपण मोजत नाही, कारण ते जीव सुखरूप घरी परत आले.

मंदिराचीही गोष्ट अशीच आहे. पिढ्यान्‌पिढ्या विठ्ठलाची पूजा आणि उत्पन्न बडवे-उत्पातांकडे होतं. त्या दारातून दलित बांधवांना आत जाता येत नव्हतं. ते दार उघडावं म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून दहा दिवस उपोषण केलं, आणि दार उघडलं. हे काम ना सरकारचं ना धंद्याचं, एका सेवेकऱ्याच्या तळमळीचं. पुढं नाडकर्णी आयोग बसला, १९७३ मध्ये कायदा झाला, १९८५ मध्ये मंदिर समितीकडे कारभार आला आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बडवे-उत्पातांचा दावा फेटाळला. सेवेनं आधी माणसांच्या मनात जागा केली आणि सरकारनं नंतर ती कायद्यात बांधली. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

गाडगेबाबांकडे पाहा. त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली, लोकांच्या पैशातून. पै-पैचा हिशोब ठेवला, स्वतः मात्र त्या छताखाली मालक म्हणून राहिले नाहीत. पुढं ती धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. देणाऱ्यानं कसं द्यावं याचा हा धडा आहे. तसाच धडा माउलींच्या पालखीचा. हैबतबाबांना अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. तो मान आजही त्या घराण्याकडे आहे. पण चालायचं कसं, थांबायचं कुठं, भजन कोणतं, हे दिंड्यांनी आणि चोपदारांनीच ठरवलं. दिलं म्हणून कोणी वारीचा मालक झाला नाही.

आता आपल्या दारातलं बोलू. कयाधूकाठचं नर्सी हे नामदेवरायांचं जन्मगाव, आणि औंढ्याला त्यांना विसोबा खेचर गुरू भेटले. नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहेबात आहेत, म्हणून पंजाबचे शीख बांधवही नर्सीला येतात. परतवारीच्या एकादशीला तर नर्सीला पाय ठेवायला जागा नसते. पंढरीला न गेलेला माणूस तिथं येऊन वारी पुरी करतो. शेगावची पालखीही आपल्याच जिल्ह्यातून जाते. त्या दिवशी चूल कोणाची पेटते? गावातल्या बायांची. त्यासाठी कोणी निविदा काढत नाही.

नर्सी-औंढ्याच्या विकासाला निधी येतो, याचा आम्हाला आनंदच आहे. दुकानं, लॉज, टपऱ्या वाढल्या तर पोरांच्या हाताला काम मिळेल. बुक्का-माळा विकणाराही वारीचाच माणूस आहे. पण आराखडा करताना चालणाऱ्याला विचारलं पाहिजे. कमानी आणि वाहनतळ आधी, की पाणी, सावलीची झाडं, बायांसाठी आडोशाची न्हाणी आणि स्वच्छ शौचालयं आधी? गाडीतून येणारा पर्यटक दोन तास थांबतो. आपली म्हातारी तिथं रात्र काढते. हे तिच्या वतीनं सरकारदरबारी कोण सांगणार? दिंडीनंच सांगायचं.

आणि दिंडीनं स्वतःलाही विचारायचं. २०२४ मध्ये सरकारनं प्रमुख पालख्यांबरोबरच्या दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपये जाहीर केले, तेव्हा वारकऱ्यांत दोन मतं पडली. आमचं म्हणणं इतकंच, की पैसा कोणाचाही घ्या. त्याचा जमाखर्च भिशीच्या पंगतीत वाचून दाखवा, आणि पताकेच्या जागी कोणाच्या दुकानाचा फलक लावू नका. रस्ता सरकारनं करावा, गाडी भाड्यानं घ्यावी. पण थकलेल्याच्या डोक्यावरचं ओझं उचलणं, आजाऱ्याजवळ थांबणं, शेवटचा माणूस येईपर्यंत पंगत न उठवणं हे काम मागच्या शंभर वर्षांत आपण कोणाला ठेक्यानं दिलं नाही. पुढच्या पिढीच्या विणेकऱ्यानं आणि भिशीवाल्यानं तेही देऊ नये, एवढीच त्यांच्या चरणी विनंती.

रामकृष्ण हरी!