माउंट होत नाही म्हणजे नक्की काय?

लिनक्सवर जुनी सीडी घातली की कधी कधी माउंट करता येत नाही असा निरोप येतो आणि आपण लगेच म्हणतो, गेली सीडी! पण मंडळी, या शब्दाला इतिहास आहे. तो कळला की दोष शोधणं सोपं जातं.

मोठ्या संगणकांच्या काळात ऑपरेटर टेपचं रीळ किंवा जड डिस्क-पॅक उचलून यंत्रावर खरोखर चढवत असे. तेच माउंट करणं. नोव्हेंबर १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये माउंट ही कमांड आहे. डिस्क चढवायची माणसाने. तिच्यावरच्या फायली आपल्या फोल्डरांच्या झाडाला कुठे जोडायच्या, ते कमांडने. १९९१ साली आलेल्या लिनक्सने हीच रीत उचलली.

म्हणजे कामं दोन, आणि बिघाडही दोन जातींचे. आधी डीमेसेज चालवून बघा. तिथे आय-ओ एरर दिसल्या, तर सीडी मळलेली किंवा चरे पडलेली, नाहीतर ड्राइव्ह थकलेला. तसं काही नसेल तर बहुधा फॉरमॅटचा घोळ: १९८८ चं आयएसओ ९६६०, की १९९५ चं यूडीएफ? माउंटला प्रकार स्पष्ट सांगून बघा. लिहिताना सेशन बंद केलं नसेल, तर दुसऱ्या ड्राइव्हला ती कोरीच वाटू शकते.

असो. घरोघरी लग्नामुंजीचे फोटो अशा सीडींवर पडून आहेत, आणि घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर वर्षं गेली की खराब होतो. तेव्हा एकदा चढली, की आधी कॉपी काढा. फोटो मग बघा.