दिनविशेष : २३ ऑक्टोबर
शंकर लक्ष्मण आणि टोकियोचे सुवर्ण (१९६४)

टोकियो ऑलिंपिकच्या हॉकी अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला १-० असे हरवले. मोहिंदर लाल यांनी पेनल्टी स्ट्रोकवर गोल केला. त्यानंतर बरोबरीसाठी पाकिस्तानने निकराचे हल्ले चढवले, पण गोलरक्षक शंकर लक्ष्मण यांनी एकही चेंडू आत जाऊ दिला नाही. गोलरक्षकाच्या डोक्यावर तेव्हा हेल्मेटही नसे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या बचावाचे मोल कळते. चार वर्षांपूर्वी रोममध्ये याच प्रतिस्पर्ध्याने एका गोलने भारताची १९२८ पासूनची विजयी परंपरा खंडित केली होती. त्या पराभवाची ही भरपाई होती.

शंकर लक्ष्मण यांचा जन्म ७ जुलै १९३३ रोजी महू येथे झाला. सुरुवातीला ते फुटबॉल खेळत. पुढे ते लष्करात गेले. मराठा लाइट इन्फन्ट्री ही त्यांची पलटण. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने एकही गोल न स्वीकारता सुवर्ण जिंकले, तेव्हाही गोलजाळ्यापुढे तेच होते. १९६६ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने बँकॉकला आशियाई सुवर्ण मिळवले. गोलरक्षकाकडे कर्णधारपद येणे ही त्या काळी असाधारण गोष्ट होती.

त्यांना अर्जुन पुरस्कार आणि पद्मश्री हे सन्मान लाभले. उतारवयात मात्र पायाच्या गँगरीनने आणि आर्थिक ओढाताणीने त्यांना ग्रासले. २९ एप्रिल २००६ रोजी महू येथेच त्यांचे निधन झाले.