घोड्याची किंमत आणि डोक्यावरचे टिंब

काही वर्षांपूर्वी एका नियतकालिकात माझा लेख छापून आला. त्यात प्रकाशाचा वेग 'सेकंदाला ३ × १०८ मीटर' असा होता. मी ८ हा अंक १० च्या डोक्यावर, घातांक म्हणून लिहिला होता. जुळणी करताना फॉण्ट बदलला आणि आठ खाली उतरला. छापल्याप्रमाणे गुणाकार केला तर वेग येतो ३२४ मीटर. म्हणजे हवेतल्या आवाजापेक्षाही कमी! कोलशेतच्या एका शिक्षिकांचे लगेच पत्र आले. त्यांच्या वर्गातल्या मुलांनी विचारले होते, "मग विजेचा गडगडाट आधी आणि लखलखाट नंतर, असे का होत नाही?"

ही चूक निदान स्वतःच ओरडून सांगते. सगळ्या चुका इतक्या प्रामाणिक नसतात.

भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात (सुमारे इ.स. ११५०) एक उदाहरण आहे. एकाजवळ ३०० रुपये आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ दहा घोडे, पण डोक्यावर १०० रुपयांचे कर्ज. सर्व घोडे सारख्याच किमतीचे आणि दोघांची मालमत्ता समान. तर एका घोड्याची किंमत किती? त्या काळच्या पद्धतीने हे समीकरण असे मांडतात :

या ६ रू ३००
या १० रू १००

'या' म्हणजे यावत्तावत्, आपला अज्ञात. आणखी अज्ञात असतील तर कालक, नीलक अशी रंगांची नावे घेऊन का, नी ही आद्याक्षरे वापरत. 'रू' म्हणजे रूप, नुसती संख्या. अधिक चिन्ह नाही, बरोबरचे चिन्ह नाही. शेजारी लिहिले की बेरीज, एकाखाली एक लिहिले की दोन बाजू समान. हा 'रू' मोठा हुशारीचा. तो नसता तर ६ आणि ३०० मिळून ६३०० वाचले गेले असते. विरामचिन्हाचे कामच तो करतो.

पण वर एक गोष्ट मी मुद्दामच गाळली आहे. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देण्याची रीत होती. खालच्या १०० वर ते टिंब हवे. टिंबासह सोडवले तर घोड्याची किंमत १०० येते. टिंब विसरले तर ५०. दोन्ही उत्तरे पूर्णांक, दोन्ही पटण्यासारखी! नकलाकाराच्या बोरूतून टिंब सुटले, तर शब्दांतले मूळ उदाहरण पुन्हा वाचल्याखेरीज चूक कळायची नाही.

युरोपात रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये बरोबरचे चिन्ह छापले आणि देकार्तने १६३७ मध्ये अज्ञातांसाठी वर्णमालेतली शेवटची अक्षरे घेतली. पुढे तिकडे अक्षरे तिरपी आणि अंक सरळ छापण्याचा प्रघात पडला, त्यामुळे शब्द आणि समीकरण नजरेला वेगळे दिसतात. देवनागरीत ही सोय नाही. उलट शिरोरेषा शेजारच्या अक्षरांना बांधून टाकते. क आणि र यांचा गुणाकार 'कर' असा छापला की मूल तो आज्ञार्थ वाचते. झिजलेल्या खिळ्यात र आणि २ यांचा घोटाळा होतो तो निराळाच. म्हणून मला आपला 'क्ष' आवडतो. ठसठशीत, कशाशी गल्लत न होणारा, गुणाकाराच्या चिन्हाशी तर नाहीच. १८९५ मध्ये राँटगेनला सापडलेल्या अज्ञात किरणांनाही आपण त्याचेच नाव दिले.

विरामचिन्हे मराठीत रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात. त्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा. दंडाच्या जागी पूर्णविराम आला. पण जुळाऱ्याच्या हाती पूर्णविराम, दशांशचिन्ह आणि संक्षेपाचे टिंब यांसाठी एकच खिळा. वाक्याच्या शेवटी 'क्ष = २.५.' असे आले की दुसरे टिंब कशाचे, हे विद्यार्थ्याने ओळखायचे. माझ्या मते समीकरण वेगळ्या ओळीत असेल तर शेवटचे टिंब खुशाल गाळावे.

संगणक आल्यावर हे प्रश्न मिटले असे नाही. १९७७ मध्ये डोनाल्ड क्नुथ यांना स्वतःच्या पुस्तकाची नव्या तंत्राने जुळवलेली प्रुफे इतकी वाईट वाटली, की गणित जुळवण्यासाठी त्यांनी 'टेक' ही प्रणालीच लिहायला घेतली. आपण मात्र अजून घातांक घसरला की नाही हे डोळ्यांनीच तपासतो.

कोलशेतच्या बाईंना मी दुरुस्तीबरोबर घोड्यांचे समीकरण टिंबाशिवाय पाठवले, शब्द न देता. मुलांनी ते सोडवले. उत्तर ५० आले. एकालाही शंका आली नाही.