तळटीप : एव्हबरीचा थांबा
* ‘एव्हबरीला पाय मोकळे करून रेड लायनमध्ये जेवलो’ : एव्हबरी हे विल्टशरमधले, स्विंडनच्या दक्षिणेचे खेडे. लंडन-ब्रिस्टल एम-४ महामार्ग सोडून थोडे आत यावे लागते. साडेचार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या प्रचंड शिळावर्तुळाच्या आतच गावाचा काही भाग वसला आहे आणि गवताने शाकारलेला रेड लायन हा पबही. स्टोनहेंजसारखे येथे दोराआडून पाहावे लागत नाही. मेंढ्या चरत असतात आणि आपण शिळांना हात लावत फिरतो. लेखकाने स्टोनहेंज टाळून इकडे गाडी वळवली, हे फार चांगले केले.

पुढे लेखक ज्या पायवाटेने सिल्बरी टेकडीच्या कडेने वेस्ट केनेटच्या दगडी थडग्यापर्यंत चालत गेले, ती शेतांतून जाते. इंग्लंडमध्ये अशा नोंदणीकृत पायवाटांवरून, जमीन खासगी असली तरी, कोणालाही चालण्याचा कायदेशीर हक्क असतो. ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशांवर त्या तुटक रेषांनी दाखवतात. सिल्बरी टेकडी मात्र माणसांनी रचलेली आहे आणि तिच्यावर चढण्यास मनाई आहे.

खेड्यातला पब म्हणजे सहकुटुंब जेवणाचीही जागा. पदार्थ बहुधा काउंटरवर जाऊनच सांगायचे. दुपारी अनेक ठिकाणी स्वयंपाकघर बंद होते. म्हणून आधी जेवून मग चालणे सोयीचे. पुढे गाडी चालवणाऱ्याने बिअर घेऊच नये. इंग्लंडमध्ये १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे, स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून ५०.
— संपादक