हिंग (औषधी उपयोग)

हिंग हा फेरुला प्रजातीच्या काही वनस्पतींच्या जाड मुळांना छेद देऊन मिळणारा, वाळवलेला चीक होय. या वनस्पती धने, जिरे व ओवा यांच्याच कुळातील असून प्रामुख्याने इराण, अफगाणिस्तान व मध्य आशियात वाढतात. भारतात हिंग आयात केला जातो. हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात ऑक्टोबर 2020 मध्ये लागवडीचा पहिला प्रयोग सुरू झाला. हिंगाचा उग्र दर्प त्यातील गंधकयुक्त बाष्पनशील तेलामुळे येतो.

== पारंपरिक उपयोग ==
आयुर्वेदात हिंग उष्ण, तीक्ष्ण, दीपक व वातानुलोमक मानला आहे. चरकसंहितेतील दीपनीय गणात त्याचा समावेश आहे. औषधासाठी तो तुपात परतून घेतात. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा (अजमोदा), सैंधव, जिरे, शहाजिरे व हिंग यांचे हिंगाष्टक चूर्ण जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर तुपातून घेण्याचा प्रघात आहे. महाराष्ट्रात पोटफुगीवर ताकातून हिंग देतात, तसेच किडलेल्या दातात हिंगाचा खडा धरतात. पोट दुखून रडणाऱ्या तान्ह्या बाळाच्या बेंबीभोवती पाण्यात कालवलेल्या हिंगाचा लेप लावणे हा घरोघरी चालणारा उपाय आहे.

== सुरक्षितता ==
फोडणीतील चिमूटभर हिंग निरोगी प्रौढास सहसा बाधत नाही. अधिक मात्रेत मात्र जळजळ, मळमळ व जुलाब होऊ शकतात.

तान्ह्या बाळाला हिंग पोटात देणे ही वेगळी व गंभीर बाब आहे. ग्लिसरीनयुक्त हिंग दिलेल्या पाच आठवड्यांच्या अर्भकास मेथिमोग्लोबिनिमिया झाल्याची नोंद 1984 मध्ये 'पिडियाट्रिक्स' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. या विकारात रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि ओठ व त्वचा निळसर पडते. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन नवजात बाळाच्या रक्तात काही महिने टिकून असते व हिंगामुळे त्याचेच ऑक्सिडीकरण होते. प्रौढांच्या हिमोग्लोबिनवर तसा परिणाम आढळला नाही. त्यामुळे आईला सोसणारी वस्तू बाळालाही सोसेल, हे गृहीतक येथे लागू पडत नाही. बेंबीवरील लेप पोटात जात नसला, तरी नाजूक त्वचेचा दाह होऊ शकतो.

गर्भवतींनी औषधी मात्रेत हिंग टाळावा, असा सल्ला पारंपरिक व आधुनिक दोन्ही वैद्यकांत दिला जातो. हिंगात कुमारीन वर्गातील द्रव्ये असल्याने रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारावे.

दुकानात मिळणारी पूड बहुधा 'बांधानी' हिंग असते. तिच्यात गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ व डिंक मिसळलेला असतो. ग्लुटेन वर्ज्य असलेल्यांनी म्हणून वेष्टनावरील घटक वाचणे आवश्यक ठरते. जुन्या पाठातील मात्रा शुद्ध हिंगाची असते आणि डब्यातील पुडीत हिंगाचा अंश थोडाच असतो, त्यामुळे ती मात्रा जशीच्या तशी वापरता येत नाही.