मोटारगाडीच्या एंजिनाचे दोषनिदान

मोटारगाडीच्या एंजिनाचे दोषनिदान : एंजिनाचा बदललेला आवाज, घटलेली शक्ती, वाढलेला इंधनखर्च, धूर व तापमान या लक्षणांवरून, शक्यतो एंजिन न उघडता, मूळ बिघाड ओळखण्याची पद्धती. प्रस्तुत नोंदीत कौटुंबिक वापराच्या पेट्रोल मोटारगाडीपुरता तिचा विचार केला आहे. महाराष्ट्रात या विद्येचा विकास तीन टप्प्यांत झालेला दिसतो : मिस्त्रीच्या कानावर आधारलेले निदान, मोजमापाच्या उपकरणांचे निदान व गाडीतील संगणकाने केलेले निदान. नंतरच्या टप्प्याने आधीच्याला पूर्णपणे बाद केलेले नाही.

पार्श्वभूमी : वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली वाहने बाहेर पडली. पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने तेथे १,०८९ घ. सेंमी. क्षमतेच्या चार सिलिंडरांच्या एंजिनाची गाडी तयार होऊ लागली. १९७० नंतरच्या दशकात ती ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली. हिंदुस्थान मोटर्सची ‘अँबॅसडर’ ही दुसरी प्रमुख गाडी होती. आयातीवर कडक नियंत्रणे असल्याने नवी गाडी मिळण्यास अनेक वर्षे लागत आणि सुटे भागही दुर्मिळ असत. त्यामुळे एकच एंजिन पुनःपुन्हा दुरुस्त करून वापरण्याकडे कल राहिला. सिलिंडर कातून मोठा करणे, क्रँकशाफ्ट घासून त्याला कमी मापाची बेअरिंगे बसविणे ही कामे सर्रास होत. एंजिन विनाकारण उघडले, तर मजुरी, गास्केटे व गाडीचे कामाचे दिवस वाया जात. म्हणून उघडण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे सांगणाऱ्या मिस्त्रीला मोठे मोल होते.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील शेवगाव हे रेल्वेमार्गावर नसलेले तालुक्याचे ठिकाण या परिस्थितीचे उदाहरण म्हणून घेता येईल. अशा गावांत गाडीचे निदान कंपनीच्या सेवाकेंद्रात न होता रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये होत आले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार यांत्रिकीचा अभ्यासक्रम शिकविला जात असला, तरी आवाजाची पारख उस्तादाच्या हाताखाली राहूनच येत असे. ती क्वचितच लिहिली गेली.

ध्वनीवरून निदान : आवाजाचे केवळ वर्णन पुरेसे नसते. तो एंजिनाच्या फेऱ्यांशी कोणत्या प्रमाणात जुळतो, एंजिन थंड असताना होतो की तापल्यावर आणि भार वाढविल्यास कसा बदलतो, हे तीन प्रश्न निर्णायक ठरतात. चार धावांच्या एंजिनात झडपा हलविणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो. म्हणून मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या मंद गतीत एका झडपेची टकटक मिनिटाला ४०० वेळा होते. ही हलकी, नियमित टकटक टॅपेटमधील फट वाढल्याचे लक्षण होय. तथापि फट फार कमी असल्यास आवाज होत नाही, परंतु झडप पूर्ण मिटत नाही आणि जळते. त्यामुळे टॅपेट अगदी शांत असणे हे नेहमीच सुलक्षण मानता येत नाही.

थंड एंजिनात होणारा व तापल्यावर कमी होणारा पोकळ आवाज बहुधा झिजलेल्या सिलिंडरात दट्ट्या म्हणजे पिस्टन आपटल्याचा असतो. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजल्यास स्पष्ट ठोके ऐकू येतात. अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडल्यावर ते विशेष जाणवतात. मुख्य बेअरिंगाचा आवाज खोल व जड असून तो भाराखाली वाढतो. त्याच्या जोडीला वंगणतेलाचा दाब उतरलेला आढळल्यास गाडी पुढे चालविणे धोक्याचे असते, कारण बेअरिंग जखडून क्रँकशाफ्ट निकामी होऊ शकतो. पंख्याचा पट्टा, पाण्याचा पंप किंवा डायनॅमो यांचे आवाजही एंजिनाच्या आतले वाटतात. पट्टा काढून एंजिन क्षणभर चालविले असता हा संशय फिटतो.

आवाजाचे स्थान ठरविण्यासाठी लांब पेचकस किंवा लाकडी दांडी एंजिनाला टेकवून तिचे दुसरे टोक कानाशी धरीत. रने लाएनेक यांनी १८१६ मध्ये वैद्यकासाठी शोधलेल्या स्टेथॉस्कोपाचेच हे तत्त्व होय. दुसरी महत्त्वाची युक्ती म्हणजे एकेका प्लगची तार काढून तो सिलिंडर बंद पाडणे. तार काढल्यावर एंजिनाची गती उतरली नाही, तर तो सिलिंडर मुळातच काम करीत नव्हता असे ठरे. ठोका मंदावला, तर दोष त्याच सिलिंडराच्या रॉडमध्ये, पिनमध्ये वा दट्ट्यात आहे असे अनुमान निघे.

ठोका व इंधन : चढावर वरच्या गिअरमध्ये एंजिनातून येणारी धातूसारखी किणकिण कोणत्याही भागाच्या झिजेमुळे येत नाही. सिलिंडरातील न जळलेले मिश्रण ज्योत पोहोचण्यापूर्वीच आपोआप पेटल्याने ती उत्पन्न होते. ब्रिटनमध्ये हॅरी रिकार्डो यांनी, तर अमेरिकेत चार्ल्स केटरिंग व टॉमस मिजली यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. टेट्राएथिल शिशामुळे हा ठोका थांबतो, असे मिजली यांना १९२१ मध्ये आढळले. १९२६ मध्ये ग्रॅहम एडगर यांच्या कार्यातून ऑक्टेन मापनश्रेणी पुढे आली. तीत आयसो-ऑक्टेनाला १०० व हेप्टेनाला ० अंक दिला जातो.

भारतात पेट्रोलमधील रॉकेलची भेसळ हे या ठोक्याचे एक परिचित कारण होते. रॉकेलाचा ऑक्टेन अंक बराच कमी असून त्याचा न जळलेला अंश वंगणतेलही पातळ करतो. अशा वेळी बेअरिंगे बदलूनही आवाज जात नसे. प्रज्वलन थोडे मागे घेऊन किंवा दुसऱ्या पंपावरील इंधन वापरून पाहिल्यास कारण उघड होई. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेरहित पेट्रोल आले. शिशाचे संयुग झडपांच्या बैठकींचे रक्षणही करीत असल्याने जुन्या एंजिनांत त्या झिजण्याचा संभव वाढला. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत एथेनॉल मिसळले जाते. साखर कारखान्यांच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा या इंधनाशी जवळचा संबंध आहे. एथेनॉलाचा ऑक्टेन अंक उच्च असल्याने ठोका कमी होतो. मात्र त्याची ऊर्जा घनफळागणिक पेट्रोलच्या सु. दोन-तृतीयांश असते आणि कार्ब्युरेटर मिश्रणाचे प्रमाण आपोआप बदलू शकत नाही. परिणामी जुन्या गाडीत मिश्रण विरळ होऊन एंजिन अडखळते. रबरी नळ्याही खराब होऊ शकतात.

मोजमापाची साधने : संपीडन-दाबमापकाने कानाच्या अनुमानाला पुरावा मिळाला. एखाद्या सिलिंडरात दाब कमी आढळल्यास प्लगच्या छिद्रातून थोडे तेल सोडून पुन्हा मोजणी करतात. दाब वाढला, तर रिंगा झिजलेल्या असतात. वाढला नाही, तर झडपांमधून गळती होत असण्याचा संभव अधिक असतो. शेजारच्या दोन सिलिंडरांत दाब सारखाच कमी असल्यास त्यांमधील गास्केट फुटल्याचा संशय येतो. धुराचा रंगही सूचक असतो : निळा धूर तेल जळल्याचा, काळा धूर इंधन जास्त झाल्याचा आणि तापल्यावरही टिकणारा दाट पांढरा धूर पाणी सिलिंडरात शिरल्याचा निदर्शक असतो.

इलेक्ट्रॉनिक निदान : प्रदूषण-नियंत्रणाच्या गरजेतून तिसरा टप्पा सुरू झाला. निष्कास वायूंतील ऑक्सिजन मोजणारा संवेदक व्होल्व्हो गाडीत १९७६ मध्ये आला. पुढे पेट्रोलचा फवारा, प्रज्वलन व ठोका यांवर संगणकाचे नियंत्रण आले. ठोक्याचा संवेदक दाबविद्युत् परिणामावर चालतो. ठोक्याची कंपने ओळखताच संगणक प्रज्वलन मागे घेतो. त्यामुळे ठोका ऐकूच येत नाही, फक्त गाडीची शक्ती कमी वाटते. जुने ध्वनिलक्षण अशा रीतीने कार्यक्षमतेच्या तक्रारीत लपते.

अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारगाड्यांत प्रमाणित दोषसंकेत सक्तीचे झाले. भारतात भारत स्टेज-४ मानकांबरोबर २०१० पासून अशी यंत्रणा टप्प्याटप्प्याने आली आणि २०१३ मध्ये तिची व्याप्ती वाढली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाली. ‘पी ०३०१’ हा संकेत पहिल्या सिलिंडरात प्रज्वलन चुकत असल्याचे दर्शवितो. संगणक ते क्रँकशाफ्टच्या गतीतील सूक्ष्म चढउतारावरून ओळखतो. म्हणजे कोणता सिलिंडर आपला वाटा देत नाही, हा मिस्त्रीचा जुनाच प्रश्न तो सतत विचारीत असतो.

मर्यादा : दोषसंकेत हे निदान नसून लक्षणाची नोंद आहे. ‘पी ०३०१’ चे कारण प्लग, कॉइल, इंधनाचा इंजेक्टर किंवा जळालेली झडप यांपैकी काहीही असू शकते. संकेत पाहून एकामागून एक भाग बदलणे हे एंजिन विनाकारण उघडण्याचेच नवे रूप आहे. बेअरिंगाची झीज तर बहुतेक गाड्यांतील संगणकाला थेट कळत नाही. उलटपक्षी, प्लगची तार काढून पाहण्याची जुनी युक्ती नव्या गाडीत हानिकारक ठरते. न जळलेले पेट्रोल उत्प्रेरक परिवर्तकात जाऊन तो अतितप्त होऊ शकतो.

पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मुंबईत टॅक्सी म्हणून चालणाऱ्या अखेरच्या पद्मिनीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. त्या एंजिनांवर घडलेले कसब मुख्यतः तोंडी परंपरेत राहिल्याने त्यांच्याबरोबर लोपण्याचा धोका आहे. शेवगावसारख्या ठिकाणी संकेतवाचक यंत्र गॅरेजमध्ये आले, तरी उत्पादकाची सविस्तर दुरुस्ती-माहिती त्याबरोबर येतेच असे नाही. अशा वेळी गाडीमालकाला दूरच्या सेवाकेंद्रावर अवलंबून राहावे लागते. संकेत वाचणे, दाब मोजणे आणि आवाज ऐकणे या तिन्हींचा मेळ घालूनच दोषाचे कारण निश्चित करता येते. त्यासाठी कानाने मिळविलेले ज्ञान लिखित स्वरूपात प्रशिक्षणात येणे आवश्यक आहे.