पऱ्हाटीचं गणित

आमच्या प्रतापनगरातून वर्धा रोडला लागून शहराबाहेर पडलं, की केंद्रीय कापूस संशोधन संस्था येते. ही संस्था १९७६ मध्ये स्थापन झाली. तिथे ज्या पिकावर काम चालतं, त्या कपाशीची विदर्भातली कहाणी समजून घ्यायची, तर मला वाटतं आधी थोडी मोजणी करावी. मोजायची ती पेशीतली गुणसूत्रं, म्हणजे आईबापांचे गुण पुढच्या पिढीत नेणारे धागे.

१८८३ मध्ये बेल्जियमच्या व्हान बेनेडेन यांनी घोड्याच्या पोटातल्या जंतांचा अभ्यास केला. फलित अंड्यात चार गुणसूत्रं होती. त्यातली दोन नराकडून, दोन मादीकडून आलेली. बीजपेशीत संख्या अशी निम्मी झाली नसती, तर ती दर पिढीला दुप्पट होत गेली असती. माणसाच्या शरीरातल्या पेशीत ४६ आणि बीजपेशीत २३ गुणसूत्रं असतात. जोड्या असलेली पेशी द्विगुणित. प्रत्येक जोडीतलं एकेकच असलेली एकगुणित.

आपल्या देशी पऱ्हाटीच्या पेशीत २६ गुणसूत्रं असतात, परागकणात १३. एके काळी हिंगणघाटच्या देशी कापसाचं नाव थेट मँचेस्टरच्या बाजारात होतं. कापूस जवळ पिकतो, म्हणून जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. पण विलायती गिरण्यांना लांब धागा हवा होता. त्यासाठी इंग्रजांनी अमेरिकन कपाशी इथे आणली. तिच्या पेशीत ५२ गुणसूत्रं, परागकणात २६.

दोघींचा संकर केला, तर १३ आणि २६ मिळून ३९ होतात. जोड्या लावायला जावं, तर १३ गुणसूत्रं एकटी उरतात. अशा झाडाला फुलं येतात, पण सरकी जवळजवळ धरत नाही.

मग हे ५२ आले कुठून? अमेरिकेतल्या बीस्ली यांनी १९४० मध्ये त्याचा पुरावा दिला. आशियातली कपाशी आणि अमेरिकेतली एक रानटी कपाशी, दोन्ही २६ गुणसूत्रांच्या. त्यांच्या वांझ संकराची गुणसूत्रं कोल्चिसिन लावून दुप्पट केली, की ५२ गुणसूत्रांचं झाड मिळतं, आणि त्याचा अमेरिकन कपाशीशी संकर जमतो. म्हणजे अमेरिकन कपाशीतल्या १३ जोड्या आपल्या पऱ्हाटीच्याच गणगोतातल्या!

२००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि अमेरिकन संकरित वाणांनी आपली शेतं व्यापली. देशी पऱ्हाटी मागे पडली. पण पावसाचा खंड सोसणं, रसशोषक किडींना पुरून उरणं हे गुण तिच्याकडे आहेत. ते अमेरिकन वाणात आणायचे, तर ३९ ची अडचण आडवी येते. आधी त्यांचे ७८ करावे लागतात, मग पिढ्यान् पिढ्या संकर आणि निवड. काम वर्षानुवर्षांचं. आणि ते करायला मुळात देशी सरकी शिल्लक हवी. ज्यांच्या घरी ती अजून आहे, त्यांनी ती जपावी.